दाराशी ठेवलेलं बसकर

मी बोलत नसे, म्हणून लोकांना वाटे की मला दिसतही नाही. त्यामुळे माझ्यासमोर माणसं कशीही वागत. मी पुष्कळ पाहिलं आहे. चौथीपर्यंत शिकले तेवढं लिहिता येतं, आणि हे कुणाला वाचून दाखवायचं नाही. तेव्हा जसं झालं तसंच लिहिते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही परळला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. आमचे हे मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर होते. हरताळ पडला की मिल बंद, आणि हे दिवसभर घरात. बाहेर नाक्यावर ‘झालाच पाहिजे’ म्हणून घसा फोडून ओरडत, आणि घरात आल्यावर पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागे. मराठी राज्याशी माझं काही भांडण नव्हतं. ते व्हावं असं मलाही वाटत होतं. पण ते आणायला निघालेली माणसं जवळून पाहिली की मी आपली मान खाली घालून विणत बसे.

विणणं मी शाळेत शिकले. म्युनिसिपालटीच्या शाळेत आम्हा मुलींना एक बाई क्रोशा शिकवत. पांढरा दोरा, बारीक सुई, आणि शेवटी काय, तर तबकावर टाकायचा रुमाल. आमच्या घरी तबक नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली, पण हाताला साखळीचे आणि खांबाचे टाके घालायची सवय राहिली. लग्नानंतर दोरा आणायची ऐपत नव्हती आणि हौस तर त्याहून नव्हती. चिंध्या मात्र हव्या तेवढ्या होत्या. चाळीखाली शिंपी बसे, त्याच्याकडचं कातरण. यांच्या मिलमधून येणारे डागी कापडाचे तुकडे. फाटलेली धोतरं, उशांचे अभ्रे. साच्यावरचा मोडका लाकडी धोटा यांनी एकदा घरी आणला होता, चुलीत घालायला. मी तो विळीवर तासला, नळाजवळच्या दगडावर घासला आणि त्याचा बोटाएवढा जाड आकडा केला. बारीक सुईने चिंधी ओढली जात नाही, तिला असाच आकडा लागतो.

चिंध्यांचं विणणं अवघड नाही, पण त्यात चालढकल केलेली चालत नाही. कापड कात्रीने कापायचं नाही, फाडायचं. फाडलं की ते आपल्या सुताने सरळ जातं. दोन बोटं रुंद पट्टी काढायची. दोन पट्ट्या जोडायच्या तर शिवत बसायचं नाही. दोन्हींच्या टोकांना बारीक चीर द्यायची आणि एक दुसरीतून ओवून घ्यायची. मिलचं कोरं कापड असेल तर आधी उकळत्या पाण्यातून काढून त्याची खळ घालवायची, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळं आकसतं. आणि गोल विणताना प्रत्येक फेऱ्याला किती खांब वाढवायचे ते हाताला कळलं पाहिजे. कमी वाढवले तर टोपली होते, जास्त वाढवले तर झालर होते. मी डोक्यावरून हंडा आणायची चुंबळ विणली, गरम पातेलं उतरायची जाड फडकी विणली, बाजाराच्या पिशव्या विणल्या. शेजारपाजारच्या बायका मागून नेत. द्यायला मला काही वाटत नसे.

एकच वस्तू मी कुणाला दिली नसती.

माझी आई गावी वारली, ते मला कळलं पंधरा दिवसांनी. वहिनीने आईच्या वस्तू वाटून टाकल्या, म्हणजे स्वतःच घेतल्या. मला एका गाववाल्याबरोबर बोटीने दोन लुगडी पाठवली. एक चंद्रकळा, आईच्या लग्नातली, काठ लाल. दुसरं हिरवं, रोजचं. दोन्ही इतकी विरलेली की नेसायला घेतली असती तर मांडीवरच फाटली असती. म्हणूनच ती माझ्यापर्यंत पोचली. गोधडी करावी तर टाकाही धरत नव्हता. मग मी ती फाडली. इतर कापड फाडताना आवाज येतो, त्यांना आवाजसुद्धा आला नाही. जरा रुंद पट्ट्या काढून दुमडून घेतल्या आणि गोल बसकर विणलं. मध्ये हिरवं, मग चंद्रकळेचं काळं, आणि कडेला दोन फेरे लाल काठाचे. ते खोलीतल्या ट्रंकेवर असे. दुपारी सगळं आवरलं की मी त्यावर बसून निवडटिपण करी. आईच्या लुगड्यावर निजावं, बसावं. आमच्याकडे त्यावर पाय मात्र कुणी ठेवत नाही.

गिरगावातल्या एका महिला मंडळाच्या बाई आमच्या चाळीत आल्या, बायकांना मोर्चासाठी न्यायला. पांढरं पातळ, चष्मा, छातीवर बिल्ला. बरोबर आणखी दोघी बिल्लेवाल्या, त्यांनी नाकाला रुमाल लावलेले. आमच्या मजल्यावरचा संडास तेव्हा तुंबला होता, ते खरं. पण आम्ही तिथे राहत होतो आणि त्या तिथे पाव तास उभ्या राहणार होत्या.

आमचे हे घरी होते. नाक्यावर मंत्र्यांच्या सात पिढ्या काढणारा माणूस त्या बाईंपुढे मांजर झाला. घरात कधी न ऐकलेली भाषा तोंडातून यायला लागली.

“यावं, यावं. आपल्यासारख्यांचे पाय आमच्या गरिबाच्या घराला लागावेत हे आमचं भाग्यच की.”

मी चहा टाकला. बाईंनी चहा घेतला नाही. “आत्ताच झाला हो,” म्हणाल्या. पाच खोल्यांत त्यांचा आत्ताच झाला होता.

मग त्यांची नजर ट्रंकेकडे गेली. “अगंबाई! हे कुणी केलं? तूच का गं?”

मी मान हलवली.

“पाहा गं, पाहा,” त्या बरोबरच्या दोघींना म्हणाल्या. “चिंध्यांतून काय निर्माण केलंय! हीच ती लोककला.” मग यांच्याकडे वळल्या. “आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना मदत म्हणून. कामगार भगिनीच्या हातचं असं काहीतरी हवंच होतं आम्हाला.”

“घ्या की,” हे म्हणाले. “घेऊनच जा. आमच्याकडे चिंध्यांना काय तोटा?”

आणि स्वतःच्या हाताने त्यांनी ते ट्रंकेवरून उचललं, झटकलं आणि त्यांच्या हातात दिलं. लुगडी आली तेव्हा हे घरात होते. मी ती फाडली तेव्हाही घरातच होते. पेपर वाचत होते.

मी “अहो” एवढंच म्हणाले. ते चहाच्या भांड्याला उद्देशून म्हटल्यासारखं झालं. बाई म्हणाल्या, “परत मिळेल हो, घाबरू नको,” आणि गेल्या. मोर्चाला आमच्या मजल्यावरून कुणी गेलं नाही, कारण नळाला पाणी यायची ती वेळ होती. एवढं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

महिना गेला. बसकर आलं नाही. मी यांना म्हटलं, जाऊन मागून आणा.

“मागायचं? शोभतं का ते?” हे म्हणाले. “लढ्यासाठी दिलेली वस्तू कुणी परत मागतं? लोक रक्त देतायत, आणि तुला एका पायपुसण्याची पडलीय.”

यांनी काय दिलं होतं ते मला माहीत होतं. मोर्चा पोलिसांनी अडवला की हे गल्लीतून घरी येत, आणि आल्या आल्या जेवायला मागत.

शेवटी आमच्या शेजारणीनेच विचारलं. ती मालवणकडची, तोंडाने फटकळ, नळावर तिच्या पुढे हंडा लावायची कुणाची छाती नव्हती.

“गो बाय, तुझा ता गोल बसकर खंय गेला?”

मी सांगितलं.

“तुझ्या घोवान दिल्यान? आणि तू गप रवलंस?”

मी हातातली चिंधी फाडत राहिले.

“आतासुद्धा गपच! देवान तुका तोंड दिल्यान ता काय नुसता भात गिळूक?” मग पदर खोचून म्हणाली, “चल. मी येतंय तुझ्यावांगडा. तू नुसती उभी रव. बोलाचा माझ्यार सोड.”

प्रदर्शन त्याच आठवड्यात गिरगावात भरलं होतं, पहिल्या मजल्यावरच्या एका दिवाणखान्यात. आम्ही दोघी ट्रामने गेलो. मी त्यातल्या त्यात बरं पातळ नेसले होते आणि वाटभर मनात वाक्य घोळवत होते. ‘ते माझ्या आईचं आहे.’ चार शब्द. ते मी परळपासून गिरगावापर्यंत निदान शंभर वेळा म्हटले असतील.

आत पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं होती. त्यांवर शंखशिंपल्यांचे मोर, मण्यांचे ससे, काचेखाली भरतकामाचे राघू. रुमाल तर इतके, की त्या सगळ्या घरांतली तबकं, रेडिओ, तिपाया, खुर्च्यांचे हात झाकूनही उरले असते. उघडी वस्तू दिसली की या बायकांना बहुधा थंडी वाजत असावी. एका टेबलावर माझ्या बसकराची नक्कल होती. बाईंनी मंडळात चिंध्यांच्या विणकामाचा वर्ग काढला होता म्हणे. कोऱ्या कापडाच्या, कात्रीने कापलेल्या पट्ट्या, कडेने सगळी सुतं लोंबत असलेल्या. खांब वाढवायचे कुणालाच कळलं नव्हतं. पाच आसनं मांडली होती आणि पाचही उलट्या टोप्यांसारखी वर आली होती. त्यांतल्या एकीत कुणीतरी फुलं ठेवून वेळ मारून नेली होती.

माझं बसकर टेबलावर नव्हतं. मी दोनदा सगळं फिरले. मग शेजारीण दारातून म्हणाली, “गो, हय बघ.”

ते उंबऱ्याशी होतं, जमिनीवर. आम्ही आत येताना त्याच्यावरूनच आलो होतो. मीसुद्धा. वर भिंतीला कागद लावला होता, ‘कामगार भगिनीचे हस्तकौशल्य’. अक्षर सुंदर होतं. खाली लोक येत होते, अक्षर वाचत होते आणि चपला पुसून आत जात होते. लाल काठ दिसेनासा झाला होता.

बाई समोरच होत्या. शेजारीण सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“बाई, ह्या बसकर हिचा आसा. न्हेवक इलंव.”

“हो, हो, ओळखलं ना मी,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर दाराशी मांडलंय, येणाऱ्या प्रत्येकाची नजर पडावी.”

“नजर? पाय पडतत त्येच्यार!”

“अगं, पायपुसण्यावर पायच पडायचे!” बाई हसल्या, बिल्लेवाल्या दोघीही हसल्या. “आणि आता ते नेता नाही यायचं. आज पाहुणे येणार आहेत. समारोपाला त्यांना हेच भेट द्यायचं ठरलंय. जरा झटकून, कागदात बांधून. एका कामगार भगिनीची भेट! केवढा मान आहे तुझा, कळतंय का?” हे मला. “तुझ्या यजमानांनी मंडळाला दिलंय ते. तुला काय गं, आठ दिवसांत दुसरं करशील.”

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. आता माझी पाळी होती. माझे चार शब्द तयार होते. मी तोंडही उघडलं.

आणि तेवढ्यात मला दिसलं की मी ते बोलले तर काय होईल. बाईंच्या डोळ्यांत पाणी येईल. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवतील. मग दुसरा कागद आणतील आणि त्याच सुंदर अक्षरात ‘आईच्या लुगड्याची माया’ असं काहीतरी लिहून भिंतीला लावतील. पाहुण्यांपुढे त्यावर भाषण होईल. माझी आई, जिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, तिच्यासाठी टाळ्या पडतील, आणि मग बसकर पाहुण्यांच्या मोटारीतून जाईल. मी तोंड मिटलं. त्या बाईच्या हातात द्यावेत असे ते शब्द नव्हते.

मी दाराशी गेले आणि खाली बसले. बसकर उलटं केलं. क्रोशाचं काम कितीही घट्ट असलं तरी ते शेवटच्या एका टाक्यावर अडकलेलं असतं. तो टाका कुठे लपवला आहे हे विणणारीलाच माहीत असतं. मी नखाने गाठ सोडली, चिंधीचं टोक बाहेर काढलं आणि ओढलं.

चपलांच्या मातीने पहिले खांब अडत होते. मग सुटायला लागलं. लाल काठ सुटला तसा मी तो डाव्या हातावर गुंडाळत गेले.

“अगं, हे काय करतेस?” बाई ओरडल्या. “अगं ए! थांबवा तिला कुणीतरी!”

बिल्लेवाल्या दोघी आल्या, पण हात कुणी लावेना. वाकायचं म्हणजे चिंधीला हात लागणार, आणि चिंधीला दिवसभराची धूळ.

“लावा, लावा हात,” शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली. “चपलांचो चिखल लागतलो, पण तुमच्याच चपलांचो आसा. परको न्हय!”

“शिकलेल्या नाहीत ना, त्याचा हा परिणाम,” एक बिल्लेवाली दुसरीला म्हणाली. ती टोप्या विणणाऱ्यांपैकी होती.

एवढ्यात खाली मोटार थांबली आणि “आले, आले” झालं. बाईंनी पदर सारखा केला. मला उठवायला वेळ नव्हता. पाहुणे जिना चढून आले, गळ्यात हार, मागे चारपाच माणसं. दारातच मी बसलेली, मांडीवर काळ्या चिंधीचा गोळा, पुढ्यात अर्धं बसकर. ते थांबले.

“वा!” ते म्हणाले. “प्रत्यक्ष काम करून दाखवताय! ही कल्पना उत्तम आहे.”

बाईंकडे मी पाहिलं. क्षणभरच त्यांचा चेहरा रिकामा झाला. मग त्या म्हणाल्या, “हो ना! आपल्या कामगार भगिनी. म्हटलं, हात कसे चालतात ते लोकांना दिसू दे.”

“आणि याचं काय होणार?” पाहुण्यांनी मला विचारलं.

मी ओढत होते. एक फेरा सुटला, दुसरा सुटला.

“पायपुसणं,” बाई म्हणाल्या.

“छान, छान. हीच खरी शक्ती आहे आपली.” त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या माणसांनी वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. विणणं कोणतं आणि उसवणं कोणतं हे त्या एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही कळलं नाही. बसकर त्यांच्या डोळ्यांदेखत लहान होत होतं. पाहुणे चिंधी ओलांडून आत गेले आणि त्यांनी उलट्या टोप्यांचं कौतुक सुरू केलं.

हिरव्यापर्यंत आले तेव्हा आत भाषण चाललं होतं. ते मी ऐकलं नाही. मधली पहिली साखळी सुटली, ती सहा टाक्यांची होती. मग नुसती चिंधी राहिली. कोहळ्याएवढा गोळा झाला. मी तो पदरात घेतला आणि आम्ही जिना उतरलो. शेजारीण ट्राममध्ये इतकी हसली की कंडक्टरने विचारलं, “मावशी, काय झालं?” मला हसू आलं नाही. माझे हात काळे झाले होते आणि त्यांना चपलांचा वास येत होता.

घरी यांनी गोळा पाहिला. “हे काय? वस्तू देऊन चिंध्या परत आणल्यास?”

मी बादली पुढे ओढली. तीन पाण्यांतून पट्ट्या काढल्या. पहिलं पाणी चिखलाचं निघालं, दुसऱ्यात चंद्रकळेने रंग सोडला, तिसरं बरं निघालं. गॅलरीत दोरीवर वाळत घातल्या. लाल काठ दोन ठिकाणी तुटला होता. तेवढा जोडून पुन्हा विणलं. आधीपेक्षा एका फेऱ्याने लहान झालं. ट्रंकेवर पूर्वी कडेपर्यंत येई, आता ट्रंकेचा पत्रा चार बोटं दिसतो.

मंडळाच्या बाई पुन्हा आमच्या चाळीत आल्या नाहीत. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्याची बातमी मात्र शेजारणीकडून मजलाभर झाली. तिने ती चेष्टेने सांगितली होती. आमच्या यांनी ती खरीच धरली. पुढे कुणीही घरी आलं की सुरू व्हायचे, “आमच्या मंडळींच्या हाताला केवढ्या माणसाने दाद दिली, माहीत आहे? मीच पाठवलं होतं प्रदर्शनात.” मी चुलीकडे तोंड करून ऐकत असे.

एकदा यांचे मिलमधले चौघे आले होते. हे सांगत सांगत उठले आणि दाखवायला म्हणून बसकर उचलायला ट्रंकेकडे वाकले.

“हात लावू नका,” मी म्हणाले.

खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. मी वळून पाहिलं नव्हतं, आवाजही चढवला नव्हता. यांचा हात होता तिथेच राहिला. मग ते ओशाळं हसले, चौघांना म्हणाले, “रागावते कधीकधी,” आणि परत येऊन खाली बसले. मी चहा गाळला आणि पाच कप पुढे ठेवले.